खेळाचा तास

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही नेमून दिला आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांसाठी आम्ही काही जण खेळाचं जे काम करतो, त्याबद्दल सांगायचं आहे. मी सगळी नोकरी पी.टी.ची बाई म्हणून केली. पी.टी.च्या शिक्षकाला भाषणाची सवय नसते, शिट्टीची असते. त्यामुळे मी भरकटले तर समोर पहिल्या रांगेत आपले सर बसले आहेत, त्यांनी खुशाल शिट्टी वाजवावी. मी थांबेन. चाळीस वर्षांपूर्वीही थांबत होते.

आधी एक खुलासा. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘समाजसेविका’ असं छापलंय. त्यावर घरी बरंच हसं झालं. आम्ही फार मोठं काही करत नाही. आम्ही म्हणजे तीन निवृत्त शिक्षक, एक आरोग्यसेविका, एक हार्डवेअरचा दुकानदार आणि आठ-दहा तरुण पोरंपोरी. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जायचं आणि मुलांना तासभर खेळवायचं, एवढंच आमचं काम. सात वर्षं झाली. देणगीदार पावती मागायला लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी संस्थेची नोंदणी केली. फलक अजून नाही. कार्यालय म्हणजे माझ्या पडवीतली एक लोखंडी पेटी. तिच्यात बॉल, रिंगा, दोर्‍या, पंप आणि फक्कीची पिशवी.

‘मुलांना खेळायला शिकवावं लागतं का हो?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. आपल्या वेळी कुणी शिकवलं होतं? शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि दिवेलागणीपर्यंत विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या. खरं आहे. पण आपल्या वेळची जागा आता कुठे आहे, हे जरा आठवून पाहा.

आपल्या दोन तालुक्यांना दोन वेगळ्या अडचणी आहेत. पश्चिमेकडे सपाट जागा नाही आणि पूर्वेकडे मोकळी जागा नाही.

पश्चिमेला म्हणजे आहुपे, आसाणे, फुलवडे, आणि तिकडे जुन्नरच्या अंगाला इंगळून, हातवीज, घाटघर. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं. सगळा डोंगरउतार. तिथे सपाट म्हणून जी काही जमीन आहे ती भाताची खाचरं. पावसाळ्यात खाचरात गुडघाभर चिखल. दिवाळीनंतर भात निघालं की तेच खाचर मैदान होतं, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. आपल्यातले जे त्या भागातून शाळेत यायचे, त्यांना हे सांगायला नको. डिंभ्याचं धरण झालं तेव्हा खोर्‍यातली सपाट शेतं पाण्याखाली गेली आणि माणसं वर सरकली. त्या लोकांनी पुढे काय उभं केलं तेही आपल्याला माहीत आहे. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेबरोबर त्यांनी डोंगरउतारावर पडकई घातली, जलाशयात मासेमारी सुरू केली. त्या कामाला २०१२ साली राष्ट्रसंघाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मोठ्यांनी पोटापाण्याची नवी जागा शोधली. मुलांच्या खेळाची जी जागा बुडाली, तिची मात्र कुठल्याच पंचनाम्यात नोंद नसते.

पूर्वेला उलटी तर्‍हा. नारायणगाव, मंचर, पारगाव, तिकडचा सगळा बागायती पट्टा. जमीन तळहातासारखी सपाट, पण इंचभर मोकळी नाही. ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्ष. ऊस आला तसा बिबट्या आला. आज माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि आपल्या भागातल्या कुठल्याही आईला विचारा, दिवस कलला की ती पोराला हाक मारते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, शाळा पाचला सुटते. मधल्या तासात घरी पोहोचायचं, की खेळायचं? म्हणून पूर्वेकडचा आमचा नियम पहिल्या दिवसापासून पक्का आहे. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी शेवटची शिट्टी. डाव कितीही रंगलेला असो. मुलं घोळक्यानेच घरी जातात आणि शेवटचं मूल पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आमचा कार्यकर्ता वस्ती सोडत नाही.

आता शाळांचं. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करारनामा केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात मुलांचा खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. भारताने तो १९९२ साली मान्य केला. पुढे २००९चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं, प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य हवं असं स्पष्ट म्हटलं आहे. वाचायला फार छान वाटतं. पण त्याच परिशिष्टात आणखी एक ओळ आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलांची संख्या शंभरापेक्षा जास्त असेल, तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक. आपल्या डोंगरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा डोळ्यांसमोर आणा. तिथे सगळ्या वर्गांची मिळून शंभर मुलं होत नाहीत. म्हणजे जिथे घरात खेळणं नाही, गावात क्लब नाही, तिथेच पी.टी.चा शिक्षक कधी जाणार नाही. यात कुणा गुरुजींचा दोष नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहार बघायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि वर खो-खोही शिकवायचा, हे होत नाही.

या पोकळीत आपल्या महाराष्ट्रात काही माणसांनी फार चांगलं काम केलं आहे. आम्ही काही आभाळातून नवीन आणलेलं नाही, त्यांच्याकडूनच शिकलो. म्हणून त्यांच्याबद्दल सांगते.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसात एका झाडाखाली थांबले असताना त्यांना झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथांनी मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल आणून दिला. तो देताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि मला वाटतं सगळं काम त्या एका निरीक्षणावर उभं आहे. ही मुलं जोवर खेळत होती, तोवर ती दुसरं काही वाईट करत नव्हती. मग त्यांनी झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा घेतली. पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आले. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी नागपूरजवळ बोखार्‍याला जमीन घेतली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था वाढली. तिची मुलं बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत परदेशी जाऊन खेळली. २०१६ साली फिफाने या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ तुम्ही २०२२ साली पाहिला असेल. त्यात अमिताभ बच्चन यांनी केलेली भूमिका बारसे सरांवर बेतलेली आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाची भूमिका अमिताभने केली, याचा अभिमान मी अजून मिरवते.

मुंबईत १९९९ साली मॅथ्यू स्पेसी यांनी फॅशन स्ट्रीटच्या आसपासच्या मुलांना रग्बी खेळवायला सुरुवात केली. त्यातून ‘मॅजिक बस’ झाली. कुलाब्याच्या आंबेडकरनगरात वाढलेल्या अशोक राठोड या तरुणाने २००६ साली ‘ऑस्कर’ सुरू केली. तिचा नियम साधा आहे. शाळेत गेला नाहीस, तर खेळायला यायचं नाही. आणि पुण्यात आपल्या अगदी शेजारी, कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी पालकनीती परिवाराचं ‘खेळघर’ १९९६पासून चालू आहे. तिथे स्पर्धा नाहीत, ढाली नाहीत. खेळता खेळता मूल बोलकं होतं आणि बोलकं झालं की शिकतं, हा त्यांचा विचार.

या चौघांची वाट एक नाही. अशोक राठोडांचा नियम आम्ही घेतला नाही, कारण ऊसतोडीच्या मुलांना शाळा हीच चैन आहे. ती नाही म्हणून खेळही नाही, असं त्यांना कसं सांगणार? आम्ही तो उलटा केला. आधी खेळायला ये. मग आम्ही तुझ्या आईशी बोलू आणि जवळच्या शाळेच्या गुरुजींशीही बोलू. खेळाच्या वहीत ज्याचं नाव आहे, ते पोर गावात आलंय हे गुरुजींना त्या दिवशी कळतं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाची वाट बघावी लागत नाही.

आमचा तास कसा चालतो ते सांगते. सुरुवातीला सगळे गोल बसतात. त्या दिवसापुरता एक जादा नियम मुलांनीच ठरवायचा. ही युक्ती फार लांबून आली आहे. कोलंबियात मेडेलिन नावाचं शहर आहे. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि घरी परतल्यावर त्या शहरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर तिथे काही जणांनी गल्लीतल्या मुलांसाठी वेगळाच फुटबॉल सुरू केला. संघात मुलंमुली एकत्र. पहिला गोल मुलीनेच करायचा. पंच नाही. खेळाआधी नियम ठरवायचे आणि खेळानंतर बसून, ते पाळले की नाही हे आपसांत बोलायचं. म्हणजे सामन्याचे तीन भाग, आधीचं बोलणं, खेळ आणि नंतरचं बोलणं. आता ही पद्धत जगभर पोहोचली आहे आणि स्लम सॉकरही ती वापरते.

आम्ही ती खो-खो, लंगडी आणि कबड्डीला लावली. आमच्या मुलांनी काय काय नियम काढले ते ऐका. ‘पडलेल्याला ज्याने पाडलं त्यानेच उठवायचं.’ ‘आज कुणी कुणाला आडनावाने हाक मारायची नाही.’ हा दुसरा नियम एका चौथीतल्या मुलाने सुचवला. का, ते त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा तासभर खेळला.

इथे कबड्डीबद्दल दोन शब्द बोलते, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि तिच्याकडे मी आयुष्यभर फक्त गुणफलकावरून पाहिलं. कबड्डी हा स्पर्शाचा खेळ आहे. बोनस गुण सोडला तर चढाईला जाणारा शिवल्याशिवाय गुण घेऊ शकत नाही आणि बचाव करणारे एकमेकांचे हात धरल्याशिवाय साखळी करू शकत नाहीत. कोपीवरची मुलं आणि गावातली मुलं पहिल्यांदा एकत्र खेळली, तेव्हा साखळीला हात देताना गावातली दोन मुलं मनगटाऐवजी शर्टाची बाही धरत होती. मी काही बोलले नाही. बाही धरून पकड होत नाही, ती सुटते आणि गुण जातो. तीन चढायांत तीन गुण गेले. चौथ्या चढाईला त्यांनी मनगट धरलं. समतेवर मी वर्गात पुष्कळ धडे दिले आहेत, त्यांतला एकही इतक्या लवकर कळलेला मला आठवत नाही.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. मुलगी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत सगळ्यांच्या पुढे पळते. बारा ओलांडली की खेळाच्या वहीतून तिचं नाव गळतं. घरी लहान भाऊ सांभाळायचा असतो, पाणी भरायचं असतं आणि ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य रोज ऐकायचं असतं. आम्ही आयांना समजवायला गेलो नाही, कारण आयांना सगळं समजतं. कडेवरच्या पोराला घेऊनच ये, असं मुलींना सांगितलं. मैदानाच्या कडेला सतरंजी टाकली आणि आमच्या आरोग्यसेविका ताई तिथे बसायला लागल्या. लहानगी सतरंजीवर, ताया खो-खोच्या पाटावर. सतरंजीमुळे मुली परत आल्या, आणि बाळांची वजनं घेण्याचं ताईंचं कामही तिथेच व्हायला लागलं. हळूहळू काही आयाही कडेला येऊन उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुण्याच्या प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला, तेव्हा अंतिम सामना आम्ही एका वस्तीत मोबाइलवर दाखवला. एक आजी शेवटपर्यंत बसून होत्या. उठताना म्हणाल्या, “आमच्या टायमाला ह्याला हुंदडणं म्हनायचे.”

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातं, पण गोड गोड सांगून मी तुमच्याकडे काही मागणं बरोबर होणार नाही.

ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारास येते आणि मार्च-एप्रिलात जाते. बीड, नगर, नाशिक, जळगावकडची माणसं. मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला नाही, जोडीला. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. शब्दच बघा, माणसाला अवजाराचं नाव. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो आणि उचलही वाढते. त्यामुळे पोरींची लग्नं किती लवकर होतात, हे तुम्ही ओळखाल.

आमच्या दुसर्‍या वर्षी एका कोपीवर एक मुलगी आली होती. तिचं नाव मी इथे घेत नाही. तेरा-चौदा वर्षांची. अंगात वारं होतं. खांबाला वळसा घालताना तिचा वेग न कमी होता शरीर असं काही कलायचं की मी नोकरीभर अशा चार मुली पाहिल्या नसतील. तो हंगाम ती खेळली. पुढच्या हंगामातही खेळली. तिसर्‍या हंगामात टोळी आली आणि ती मैदानाच्या कडेला उभी दिसली. गळ्यात मंगळसूत्र. मी विचारलं, “वय काय गं?” ती म्हणाली, “कागदावर अठरा.” त्या वर्षी ती एका कोयत्याचा अर्धा भाग होती. पहाटे चारला फडात जायची, त्यामुळे संध्याकाळी खेळायला यायचं त्राणच नव्हतं. पण आठवड्यातून एकदा तरी ती कडेला येऊन उभी राहायची आणि लहान मुलींना ओरडून सांगायची, “अगं, पाय बघू नको, खांब बघ!”

खेळामुळे तिचं लग्न थांबलं नाही. तासभराच्या खेळाने उचल फिटत नाही, मुकादम बदलत नाही, गावाकडचा दुष्काळ हटत नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण आमच्यासारख्या संस्थांच्या पत्रकांत सगळ्या गोष्टींचा शेवट छान होत असतो. आता आम्ही एवढं करतो की हंगाम संपायच्या आधी, मार्चमध्येच, मोठ्या मुलींच्या घरच्यांशी आरोग्यसेविका ताई बोलतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येक मुलीला खेळासारखाच तोंडपाठ करून घेतो. गावाकडे हंगामी वसतिगृह असेल तर पोरीला तिथे ठेवायला सुचवतो. गेल्या हंगामात दोन मुली आईबापांबरोबर आल्या नाहीत. गावीच राहिल्या, शाळेत. आमच्या वहीतली दोन नावं कमी झाली याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

मग खेळाने नेमकं काय होतं? काही जण म्हणतात, बाई, यातून एखादी कविता राऊत काढा. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. तशी एखादी निघाली तर मी गावभर पेढे वाटेन. पण पदकासाठी खेळवायला लागलं की शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना आपण घरी पाठवतो. मी नोकरीत तेच केलं, कारण ते माझं कामच होतं. तालुक्याला संघ न्यायचा म्हटलं की बारा मुलं निवडायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. इथे मला त्या टाळ्या वाजवणार्‍यांना आत घ्यायचं आहे.

जे होतं ते लहान असतं, पण ते दिसतं. बाद झालं की वाद न घालता बाहेर बसता येतं. हरल्यावर उद्या परत यावंसं वाटतं. आमचे तरुण कार्यकर्ते हेही त्याचंच फळ. पहाटे रस्त्याने पळणारी पोरंपोरी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील, पोलीस भरतीची तयारी करणारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. त्यांना आम्ही म्हटलं, पळायला रोज मैदानात येताच, आठवड्यातले दोन तास या लहानग्यांना द्या. ते आले. त्यांतले दोघे पुढे भरती झाले. एक मुलगी अजून भरती झालेली नाही, पण आहुप्याच्या बाजूची तीन गावं ती एकटी सांभाळते. पावसाळ्यात खाचरं बुडाली की समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात लंगडी आणि दोरीच्या उड्या घेते. आवणीच्या दिवसांत मुलं शेतात असतात, तेव्हा तास दुपारच्या भाकरीनंतर बांधावर घेते. हिरड्याच्या दिवसांत मुलं हिरडा वेचायला जातात, तेव्हा तास नसतोच. वेळापत्रक तिने मुलांच्या घराकडे बघून केलंय. मला हे बी.पी.एड.ला शिकवलं नव्हतं.

सर, आता मी माझ्या मागण्याकडे येते.

आपल्या तुकडीने निधी जमवला आहे आणि आज दुपारच्या बैठकीत त्याचं काय करायचं ते ठरणार आहे. शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधावी आणि वर ग्रॅनाइटवर तुकडीचं नाव कोरावं, अशी एक सूचना आहे. मांडणारे माझे जवळचे मित्र आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. कमान झाली तर मीही तिच्याखाली उभी राहून फोटो काढेन. पण माझी वेगळी सूचना ऐकून घ्या.

आपल्या शाळेचं मैदान आज संध्याकाळी पाचनंतर बंद असतं. फाटकाला कुलूप. त्याचं कारण मला समजतं. संध्याकाळी बाहेरचे लोक येऊन बसतात, बाटल्या सापडतात, मुख्याध्यापकांना जाब द्यावा लागतो. पण शाळेपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर हंगामात कोप्या पडतात आणि तिथली मुलं कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांच्या मधे खेळतात. ते मैदान आठवड्यातले तीन दिवस, पाच ते पावणेसहा, आपल्या तुकडीच्या नावाने उघडावं. त्यासाठी फाटकावर एक माणूस लागेल, त्याचं मानधन. एका कोपर्‍यात दोन दिवे आणि तारेचं कुंपण, बिबट्याच्या भीतीसाठी. मुलींसाठी दार नीट लागणारं स्वच्छतागृह. साहित्याची एक पेटी. आणि आपल्यापैकी जे इथेच राहतात, त्यांचा महिन्यातला एक तास. हे शेवटचं सगळ्यात महाग आहे, म्हणून मी ते शेवटी सांगते आहे. पैसे आपण गोळा केलेच आहेत. तो तास कुणाच्या खात्यावर भरता येत नाही, यावं लागतं.

पुण्या-मुंबईला आणि त्याहून लांब असणार्‍यांनाही काम आहे. घरात नातवंडांचे बॅडमिंटनचे रॅकेट, छोटे झालेले बूट, अर्धवट हवा गेलेले फुटबॉल पडलेले असतात. ते पाठवा, पण एक विनंती. फाटलेलं पाठवू नका. गरिबाच्या पोरालाही फाटका बॉल फाटकाच वाटतो.

कुणी म्हणेल, बाई, कमानीवर नाव राहील, यात आपलं नाव कुठे राहणार? बरोबर आहे. फक्कीने आखलेल्या रेषा संध्याकाळपर्यंत पुसल्या जातात आणि दुसर्‍या दिवशी पुन्हा आखाव्या लागतात. चाळीस वर्षांपूर्वी याच मैदानावर आपले सर रोज वाकून त्या आखायचे. त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही. तरीही आज सकाळी ते रिक्षातून उतरले तेव्हा आपण अठ्ठावन्न वर्षांची माणसं न सांगता रांगेत उभी राहिलो.

निर्णय दुपारी बैठकीतच व्हावा. माझं मत पडलं तर मी कमानीच्या पायाभरणीलाही येईन. पण एक मागून ठेवते, कमान झाली तरी फाटकाची किल्ली संध्याकाळी कुणाकडे असेल, तेवढं त्याच बैठकीत ठरवा.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. सरांनीही शिट्टी वाजवली नाही.